जाखाई निजलेली असताना

मोशी, ११ ऑगस्ट २०२६

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तू माझा फोन कापतेस, मी दारात आले तर उठून गाभाऱ्यात जातेस, आणि गाभाऱ्यात शिरून भांडायची आपल्यात सोय नाही. मग उरलं पत्र. पत्र फाडण्यापूर्वी माणूस निदान कुणाचं आहे ते तरी बघतं.

बातमी अशी की मी आपल्या जाखाईला आगगाडीच्या वेळापत्रकात बसवलं. हसू नकोस. ती शाही गाडी अण्णा होते तेव्हा टीव्हीवर दाखवली होती ना मी तुम्हाला? पलंग, गालिचे, चांदीच्या ताटात जेवण. आठवड्याचं भाडं ऐकून अण्णा म्हणाले होते, "एवढ्यात वाडीतल्या समद्या पोरींची लग्नं व्हतील." तीच गाडी. त्या गाडीच्या सहली आमची कंपनी आखते हे तुला माहीत आहे, पण गेली दोन वर्षं ती अर्धी रिकामी जाते. राजवाडे बघून लोक कंटाळले. तेव्हा आमच्या मोनिका मॅडमनी ठरवलं की यंदापासून गाडी देवळांना थांबणार. त्र्यंबकेश्वर, वेरूळ, कोल्हापूर आलीच, पण ती सगळ्यांच्या यादीत असतात. त्यांना असं एक ठिकाण हवं होतं जिथं कुठलीच सहल जात नाही. खेड्यातली, साधी, खरी देवी. मीटिंगमध्ये सगळे माना खाली घालून बसले होते. मी तोंड उघडलं. माझं तोंड आधी उघडतं आणि डोकं मागून धापा टाकत येतं, हे तुला मी काय सांगू.

तर ६ ऑक्टोबर, मंगळवार. गाडी सकाळी चिंचवडला लागेल. तिथून दोन एसी बस तळवड्यावरून महाळुंग्याला आणि पुढं आपल्या वाडीत. साडेअकराला चाळीस पाहुणे देवळात. तू आरती करायची, कुंकू लावायचं, बाकी मी माईकवर सांगेन. अर्धा तास फक्त. जास्त काही मागत नाही.

सहलीचं पत्रकही छापलं आहे. त्यात आपल्या विड्याबद्दल मी लिहिलं: सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी गावासमोर तबकात विडा ठेवतात, गुरवाच्या घरातलं जो तो उचलेल त्याच्याकडे वर्षभराची देवीची सेवा. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरातल्या एकानं जरी हरकत घेतली तरी विडा भावकीकडे जातो, हे मात्र लिहिलं नाही. परक्यांना कशाला सांगायचं? आणि आपला चुलतभाऊ दादासाहेब गेली चार वर्षं त्याच हरकतीची वाट बघत बसला आहे, हे तर मुळीच नाही. बाईमाणूस देवीची सेवा करतं हे त्याच्या डोळ्यांत कसं सलतं ते तुलाच ठाऊक.

खरं सांगायचं तर हे जमलं पाहिजे. आमच्या खात्यात दोघी आहोत, दिवाळीनंतर एकच राहणार. ही सहल माझी आहे. ती बुडाली तर मी बुडाले.

अण्णांच्या तेराव्याला जे झालं ते मी उगाळत नाही. तूही उगाळू नकोस. उत्तर पाठव.

तनू

मोशी, २४ ऑगस्ट

ताई,

कार्ड मिळालं. चार वर्षांनी तुझं अक्षर दिसलं आणि त्यात तीन शब्द! "तारीख पंचांगात बघ." खाली सही, तीही पूर्ण नावाची, जणू मी तलाठी आहे.

बघितली. दोनदा बघितली.

गेल्या वर्षी घट बावीस सप्टेंबरला बसले होते. मी धरून चालले की यंदाही आगेमागे तेव्हाच बसतील, म्हणजे सहा ऑक्टोबरपर्यंत दसरासुद्धा उरकलेला असेल. अधिक महिना विसरले! गुरवाची मुलगी, जिच्या घरी भिंतीवर कॅलेंडरच्या आधी पंचांग आलं, ती धोंड्याचा महिना विसरली. यंदा घट अकरा ऑक्टोबरला. त्याच्या आधीचे आठ दिवस जाखाई निजलेली. म्हणजे माझे चाळीस पाहुणे बरोबर तिच्या झोपेच्या मधोमध येऊन उभे राहणार. कंपनीत हे अजून कुणाला माहीत नाही. त्यांना कळणारही नाही, त्यांच्यात देवी निजते हेच कुणाला माहीत नसेल. ही चूक करायला गुरवाच्याच घरात जन्म घ्यावा लागतो.

आणि लाज कशाची वाटते सांगू? मे महिन्यात तू निरंजनला धोंड्याच्या जेवणाला बोलावणं धाडलंस. मी उलट निरोप दिला, जावयाला सुट्टी नाही. सुट्टी होती. हिंजवडीहून त्याची कॅब चार वाजताच आली होती त्या दिवशी. मलाच यायचं नव्हतं. आले असते तर पुरणाचे धोंडे खाता खाता तरी लक्षात आलं असतं की यंदा सगळे सण लांबलेत.

आता ऐक. तारीख हलत नाही. रेल्वेकडून रूळ मिळायला वर्ष लागतं, पाहुण्यांची विमानं ठरली आहेत. त्यामुळे देवीलाच जरा हलवावं लागेल. अर्धा तास, ताई. साडेअकराला उठव, बाराला परत निजव. आपण बाजल्यावरून उचलून तिला आसनावर ठेवायचं, एवढंच. हातभर उंचीची पितळी मूर्ती, तिला काय जड आहे? मला आठवतं सगळं. घंटेला फडकं बांधलेलं, दार लोटलेलं, बायका उखळ-मुसळाला हात लावत नाहीत, सगळी वाडी हळू बोलते. अण्णा म्हणायचे, देवी आठ दिवस निजते पण तनू आठ मिनिटं गप बसत नाही. मग माझं तोंड आवरेनासं झालं की मला ओढ्यापलीकडे सोडून यायचे, तिथं जाऊन बोंबल म्हणून.

मी गंमत करते आहे पण मला झोप नाही. होय म्हण.

तनू

मोशी, ९ सप्टेंबर

ताई,

काल येऊन गेले ते फुकट गेलं. चाकणच्या चौकात दीड तास कंटेनरच्या मागे, आणि तुझ्यापुढं पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत मी एकटीच बोलले हे मान्य. पण माझं बोलणं खोटं होतं का? देवळाच्या मागं तो लोखंडाचा कारखाना झालाय. त्याचा हातोडा पडला की पायरीवरचं पाणी थरथरतं. रात्रंदिवस तीन शिफ्ट! मी म्हटलं, त्या धडाधडीत जी निजते ती माझ्या माईकनं उठेल होय? तू वाती वळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हातोडा तिला हाक मारत न्हाई."

संपलं. उठलीस, आत गेलीस. अख्ख्या रस्त्यानं मी मनात तुझ्याशी भांडत होते.

बाहेर पडले तर दादासाहेब त्याच्या पाण्याच्या टँकरला टेकून उभा. गळ्यात साखळी, हातात दोन फोन. म्हणाला, "काय तनू, बहीण बधली न्हाई वाटतं?" मी म्हटलं, तुला काय करायचंय. तर हसला. "आगं, देवी निजली म्हंजे कोमात गेली व्हय? देवळाच्या ट्रस्टची दुसरी किल्ली माझ्याकडं हाय. आमी उघडतो की दार. ढोल लावतो, फेटे बांधतो, तुझं पाव्हणं खूश करून धाडतो. आपल्या घरच्या पोरीची नोकरी हाय ती." मग चहा पाजला. पुढं आणखी काय काय बोलला. ते लिहिण्यासारखं नाही.

मी त्याला काही कबूल केलेलं नाही.

तनू

मोशी, २९ सप्टेंबर

ताई,

दोनच ओळी. सहा तारखेचं सगळं जमलं आहे. तुला काही करायचं नाही, दादासाहेब बघणार आहे. तू त्या दिवशी घरात बसून राहा किंवा शेजारी जा. देवीला कुणी धक्का लावणार नाही, जागच्या जागी बाजल्यावर दर्शन घेऊन लोक जातील.

तू म्हणशील, त्यानं हे फुकट कसं केलं? फुकटच केलं. नात्यानं केलं. माणसं वाईटच असतात असं नाही. तुझं म्हणजे सगळं जग वैरी, एक देवी तेवढी सोयरी.

हे वाचून मलाच कसंतरी झालं, पण खोडत नाही. मी कालपासून काही खाल्लेलं नाही. निरंजन विचारतो काय झालं, त्याच्यावरही ओरडले. मला आता फक्त सात तारीख उजाडायला हवी.

तनू

मोशी, ६ ऑक्टोबर, संध्याकाळ

ताई,

माझ्याच घरात, माझ्याच बेडरूमच्या दाराखालून मी तुला पत्र सरकवते आहे. तू आत, मी बाहेर. बोलायला बंदी. बरं, लिहिते.

तुला कळायला हवं की आज काय झालं. आम्ही पावणेबाराला पोचलो. दादासाहेब फेटा बांधून हजर, त्याच्यामागं दहा ढोल. देवी निजलेली असताना ढोल! म्हातारे रंगराव पाटील आणि दोन-चार जण पाराखाली उभे होते, एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. पाहुण्यांना गंध लावलं. दादासाहेबानं घंटेचं फडकं स्वतः सोडलं आणि घंटा वाजवली, एकदा नाही, अकरा वेळा. मग किल्ली लावली, दार उघडलं, आणि मी माईकवर म्हटलं, "ही आमची जाखाई."

आसन रिकामं. बाजलंही नाही. फरशीवर त्याच्या चार पायांचे ठसे.

ढोल एकेक करत थांबले. दादासाहेब आत वाकून कोपरे बघायला लागला. चांदीच्या ताटात जेवणारे चाळीस जण माना उंच करून आत बघताहेत आणि माझ्या हातात माईक. एका पिकल्या केसांच्या बाईंनी विचारलं, देवी कुठे आहे? जे खरं होतं तेच तोंडातून आलं. "देवी घरी नाही." त्या म्हणाल्या, कधी येणार? मी म्हटलं, मला माहीत नाही. मग त्या पायरीवर बसल्या, त्यांच्या शेजारी आणखी काही जण बसले, आणि त्या बसण्यात मागच्या हातोड्याचा आवाज तेवढा येत राहिला. दादासाहेब ओरडत होता, "चोरली! तिनं मूर्ती चोरली!" मी त्यांना बसमध्ये कसं कोंबलं, गाडीत कसं बसवलं, आठवत नाही. मोनिका मॅडमचे सात फोन आलेत. मी उचललेले नाहीत. ती सवय तुझी लागली.

सगळ्या वाटेत मी तुला शिव्या घालत होते. वाटलं, पोलिसांत जाईल दादासाहेब, हिला कुठं शोधू? आणि घरी येते तर निरंजन ओठांवर बोट ठेवून दार उघडतो. काखेत कळसा नि गावाला वळसा!

तू माझ्या पलंगाशी जमिनीवर बसलेली. पलंगावर जाखाई, माझ्या गोधडीत. मी "ताई" म्हणून ओरडणारच होते, तू नुसता हात वर केलास. मी तोंड मिटलं. गेल्या चार वर्षांत मला गप्प करणारी तू पहिलीच.

निरंजन म्हणतो, तू काल संध्याकाळी पीएमपीच्या बसनं आलीस, मांडीवर टोपली, वर घोंगडी. कंडक्टरनं विचारलं काय आहे, तू म्हणालीस, "लेकरू निजलंय." बाजलं रिक्षावाल्यानं वर बांधून आणलं. निरंजननं मला काल मेसेज केला होता, पाहुणे आलेत म्हणून. मी रात्रभर गाडीवर होते, वाचला नाही, मला माझेच पाहुणे पुष्कळ होते.

तू इथं का आलीस? जगात दुसरं दार नव्हतं?

तनू

मोशी, ८ ऑक्टोबर

ताई,

दोन दिवस झाले. मिक्सर बंद आहे. कुकरची शिट्टी काढून निरंजन पातेल्यात भात शिजवतो आणि तो खरंच चांगला होतो. तो फोनवर बोलायला खाली पार्किंगमध्ये जातो. वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू होतं, त्यानं जाऊन काय सांगितलं कोण जाणे, तेही थांबलं. मला मात्र हे घर खायला उठतं. मी स्वयंपाकघरातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून स्वयंपाकघरात फिरते. काल कपाटातले सगळे डबे काढून पुसले, कशाला पुसले माहीत नाही. गप्प बसलं की एकच गोष्ट वर येते, आणि ती बोलता येत नाही म्हणून लिहिते.

दादासाहेबानं फुकट काही केलं नाही. त्या दिवशी चहाच्या गाड्यावर तो म्हणाला, "मी सहाला दार उघडतो, तू दहाला, अवसेला, हरकत घे." मी नाही म्हणून आले. वीस दिवस नाहीच म्हणत होते. मग मॅडमनी विचारलं, सहलीचं पक्कं ना, आणि मी पक्कं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी महाळुंग्याला जाऊन कागदावर सही करून दिली. "माझी बहीण इंद्रायणी हिनं देवीची सेवा करण्यास माझी हरकत आहे." माझ्याच अक्षरात आहे. तुला पाठवलेलं एकोणतीस तारखेचं पत्र मी त्या कागदानंतर तासाभरानं लिहिलं.

आता दुसरं. तेराव्याला मी जे बोलले ते उगाळणार नाही म्हटलं होतं, पण ते न उगाळता हे कळणार नाही. तू म्हणालीस, सेवा मी करीन. सगळी भावकी बसलेली. आणि मी म्हटलं, "नवऱ्यानं टाकलं म्हणून देवीला चिकटलीस. दुसरं जमतं काय तुला?" मला तेव्हा वाटलं मी खरं बोलणारी आहे, शिकलेली आहे, रोखठोक आहे. ताई, मी फक्त घाबरले होते. तू नाही म्हणाली असतीस तर मला राहावं लागलं असतं. तू होय म्हणालीस आणि मी सुटले, आणि सुटल्याचा आनंद लपवायला तुला बोलले.

परवा तो कागद वाचून दाखवला जाईल. विडा त्याच्याकडे जाईल. देवळामागची तुझी खोलीही सेवेची आहे, तीही जाईल. हे मी केलं. मला माफ कर म्हणायची माझी लायकी नाही, पण म्हणते. माफ कर.

तनू

मोशी, ९ ऑक्टोबर

ताई,

कालच्या पत्राच्या पाठीवर तू लिहिलेलं आत्ता वाचलं. "कागद दादानं मला तीस तारखेलाच दाखवला. चहा कर."

तीस तारखेलाच! म्हणजे तो कागद डोळ्यांनी बघून, पाच दिवसांनी तू टोपली मांडीवर घेऊन माझ्याच घरी आलीस? का? इथं कुणी शोधणार नाही म्हणून? मला लाजवायला? मला काहीच कळत नाही. मी चहा केला आहे. त्यात आलं घातलं आहे. दाराशी ठेवते.

तनू

वाडी, १२ नोव्हेंबर

ताई,

तुझं हर्णैचं कार्ड काल मिळालं. "समुद्र बघितला. शालनबाईंच्या खाणावळीत बरं चाललंय. घाई न्हाई." घाई नाही! तुला नसेल. मी पहाटे पाचला थंड पाण्यानं अंघोळ करून हे लिहिते आहे आणि मागचा हातोडा ठाणठाण चालू आहे.

तू गेल्यावर इथं लोक मला रोज विचारतात, अवसेला नेमकं काय झालं? मी प्रत्येकाला सांगते आणि दर वेळी मलाच नवं वाटतं. दादासाहेब आधी चोरीवर घसरला. तू टोपली पारावर ठेवून म्हणालीस, "निजलेली लेक मावशीकडं न्हेली. त्यात चोरी कसली?" रंगराव पाटील तोंडाला उपरणं लावून हसले. मग त्यानं कागद काढला. मला वाटलं जमीन फाटावी. रंगरावांनी विचारलं, "सही तुझी का?" मी म्हटलं, माझी, पण मी ती मागे घेते. ते म्हणाले, "देवीफुडं दिलेला कागुद माघारी घेत न्हाईत, पोरी." दादासाहेब तबकाकडे निघाला. आणि तू, दोन पावलं पुढं येऊन, कसं गं इतकं शांतपणे म्हणालीस? "हरकत माझ्यावर हाय. घरावर न्हाई. तनूवर कुणाची हरकत हाय का? घरात हरकत घ्यायला मीच उरलीय, आणि माझी न्हाई."

दादासाहेब ओरडला, "आवो, ती मोशीत ऱ्हाती! कंपनीत जाती!"

रंगराव म्हणाले, "ऱ्हात आसंल. विडा उचलला तर वाडीत यील. का गं?"

अख्खी वाडी माझ्याकडे बघत होती. मी आयुष्यात एका जागी तासभर बसलेली नाही. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे नाही, देवीकडे बघत होतीस. मी उचलला. उचलताना सुपारी खाली पडली, ती तूच उचलून दिलीस.

घट बसले त्या दिवसापासून कोजागरीपर्यंत तू मला शिकवलंस, आणि शिकवताना जेवढं बोललीस तेवढं चार वर्षांत बोलली नव्हतीस. वात अशी वळ, कुंकवाचा हात असा धू, मूर्ती उचलताना श्वास धर. एकदाच मी विचारलं, कागद बघूनही तू माझ्याकडे का आलीस. तू तेल ओतत होतीस. म्हणालीस, "दुसरं घर कुठं हाय मला?" मी गाभाऱ्याच्या बाहेर जाऊन रडले, कारण आत रडायची पद्धत नाही.

मग कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी तू पत्र्याची पेटी घेऊन निघालीस. मला वाटलं आठ दिवसांसाठी. एसटीच्या थांब्यावर मी म्हटलं, सेवा तुझी आहे ताई, मी नुसती राखते, तू आलीस की तुझ्या हातात देते. तेव्हा तू जे म्हणालीस त्यानंतर मला नीट झोप नाही. "माझी हाय? मला हवी का, ते कुणी इचारलंय का कधी? अण्णांनी न्हाई, गावानं न्हाई. दादाला द्यायची नव्हती म्हणून धरली. तूच तेवढं म्हणालीस, दुसरं जमतं काय तुला. माहेरी आल्यापासून चौदा वरीस मीबी त्येच इचारत व्हते." आणि बस आली.

इकडची हकीकत. मोनिका मॅडम रागावल्या नव्हत्या, हे ऐकून मला जास्त भीती वाटली. पाहुण्यांनी सहलीत सगळ्यांत काय आवडलं याच्या उत्तरात रिकामं देऊळ लिहिलं! राजवाडे राहिले बाजूला. आता मॅडमना दर फेरीला रिकामं देऊळ हवं आहे. दर दुसऱ्या मंगळवारी देवी अर्धा तास बाहेर नेऊन ठेवायची, लोकांना पायरीवर बसवायचं. मी म्हटलं, देवी आता जागी आहे आणि घरी आहे, ज्यांना यायचं त्यांनी चपला काढून यावं, पण तिला कुठं पाठवणार नाही. त्या म्हणाल्या, तनुजा, तू तर म्हणाली होतीस सगळं जमतं. मी माझ्या हातानं वेळापत्रकातून वाडी काढून टाकली. दिवाळीचीही वाट न बघता त्यांनी मला काढून टाकलं.

निरंजन शनिवार-रविवार येतो. त्याला हे आवडलेलं नाही, पण भात तो अजून पातेल्यातच करतो. दादासाहेब टँकरला टेकून बघत असतो. मी कधी चुकते याची वाट बघतोय, आणि मी रोज काहीतरी चुकते. परवा आरतीच्या मध्ये मी फोन बघितला, सवयीनं. सगळ्यांनी बघितलं. मला सरळ बसवत नाही, ताई. पायांना मुंग्या येतात. पाचला उठून सातपर्यंत मी चार वेळा दारात येते, रस्त्यावरून कंपन्यांच्या बस जातात, लोक कुठंतरी चाललेत आणि मी तेवढी थांबले आहे. महिन्यात माझा जीव असा उडतोय. तू चौदा वर्षं थांबलीस आणि त्या थांबण्यावर मी शिकले, नोकरी धरली, लग्न केलं, गाड्यांतून हिंडले, आणि वर तुलाच बोलले.

खरं तर हे पत्र मी लवकर ये असं लिहायला घेतलं होतं. ते लिहीत नाही. हर्णैला राहा, नाहीतर आणखी पुढं जा, गोव्यापर्यंत रूळ आहेत. पुढच्या सर्वपित्रीला तबक पुढं आलं की मी आधी सगळ्या गावासमोर तुला विचारीन, ताई, तुला हवं आहे का? नको म्हणालीस तर मी उचलीन, आणि तू तुझी गाडी चुकवू नकोस.

तनू